पोटमाळा नसलेला कारखाना

मला ही नोकरी तिसऱ्या खेपेला लागली, आणि तीसुद्धा काही चांगलं केलं म्हणून नव्हे.

सोलापुरात अक्कलकोट रोडला शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना आहे. पन्नास-पंचावन्न माणसं, पत्र्याचं छप्पर, पुढे मोठं अंगण आणि अंगणात एक कडुलिंब. होटगीहून बसने मी तिथे कटिंगच्या कामासाठी विचारायला गेले, तेव्हा माझ्याकडे सात वर्षांचा अनुभव होता आणि त्याचा मला बराच तोरा होता. मालक टेबलामागे बसून शेंगा सोलत होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांनी अनुभवाचा कागद हातात घेतला, त्याच्यावरच टरफलं टाकली आणि विचारलं, "आधीच्या जागी सगळ्यात मोठी चूक कुठली केली?"

"चूक न्हाय केली कुठली," मी म्हटलं. नोकरी मागायला आलेलं माणूस दुसरं काय म्हणणार?

"बरं. आठवली की या."

मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. पण नोकरीची गरज मला होती, चक्रम माणसाला नव्हती. चार दिवसांनी मी एक छोटीशी, स्वच्छ धुतलेली चूक घेऊन परत गेले. म्हटलं, दोन-तीनदा कामावर उशिरा पोचले होते. अण्णा म्हणाले, "ती तुमची चूक न्हाय अक्का, ती होटगीच्या बसची हाय. बघा आनखी आठवून."

तिसऱ्या वेळी मी चिडूनच गेले. नाही मिळाली नोकरी तर नाही, पण ऐकवूनच येते, असं ठरवलं होतं. उभ्या उभ्या सांगितलं की चाळीस शर्टांच्या कॉलरी मी एक माप लहान कापल्या, आधीचे मालक अंगावर धावून यायचे म्हणून त्या गुंडाळून पोटमाळ्यावर टाकल्या, वर जुने पुठ्ठे रचले, आणि त्या अजून तिथेच आहेत, उंदरांनी ठेवल्या असतील तर. अण्णा इतके हसले की मांडीवरची टरफलं खाली सांडली. "उद्यापासून या," म्हणाले, "पन एक सांगून ठिवतो. आमच्याकडं पोटमाळा न्हाय."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. दुसऱ्या दिवशी बघते तर खरंच नव्हता. एवढंच काय, कपाटांना दारंही नव्हती. अण्णांनी सगळ्या कपाटांची दारं काढून लोखंडी घोड्यांवर आडवी टाकली होती आणि त्यांची जेवणाची टेबलं केली होती. एका टेबलाला कडी तशीच राहिली होती, ती जेवताना मांडीला टोचायची. नवीन आलेल्या माणसाला हमखास तीच जागा मिळायची. मी तिथे पाच महिने जेवले.

अण्णा तेव्हा पासष्टीच्या पुढे होते. किडकिडीत अंग, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात टेप आणि खांद्यावर टॉवेल. वाडवडिलांचा धंदा विणकामाचा. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, मशिनवरच्या चाचांशी दखनी, आणि काही हरवलं की ते शोधताना पुन्हा तेलुगू. कारखान्यातल्या प्रत्येक बाईला ते अक्का म्हणायचे आणि प्रत्येक पुरुषाला मास्तर. अपवाद दोनच, शिलाईचे चाचा आणि इस्त्रीच्या मावशी, कारण ते दोघे अण्णांच्याही आधीपासून पृथ्वीवर आहेत असा समज होता. एकोणीस वर्षांच्या पोरीला सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने अक्का म्हटलं की ती आधी लाजायची, मग रुसायची आणि महिन्याभरात खरंच थोरल्या बहिणीसारखी वागायला लागायची.

सुट्टीच्या अर्जाचं त्यांचं एक वेगळंच होतं. अर्जावर नाव आणि दिवस लिहायचा, कारण लिहायचं नाही. "कारण लिवायला लावलं की मानूस खोटं लिवतो," ते म्हणायचे, "आन् घरातली म्हातारी मानसं उगी मरत्यात." हे मला तंतोतंत पटलं, कारण माझ्या आधीच्या जागी एकाचे सासरे तीनदा वारले होते आणि नंतर एकदा जावयाचा विसरलेला डबा द्यायला स्वतः आले होते. आमच्याकडे एका बाईने सवयीने कारण लिहिलंच, आणि खरं लिहिलं: 'लई कंटाळा आला.' अण्णांनी सुट्टी दिली. ती परत आली तेव्हा दारातच विचारलं, "गेला का?"

संध्याकाळी सहाला ते स्वतः मेन स्विचजवळ जायचे आणि खटका पाडायचे. सूचना नाही, घंटी नाही, सरळ अंधार आणि पंखे बंद. एकदा हिवाळ्यात पुण्याचे एक व्यापारी ऑफिसात बसून स्वेटरखालचा शर्ट कसा असावा यावर फार तळमळीने बोलत होते. बोलता बोलता दिवे गेले. बिचारे दोन मिनिटं अंधारात थांबले आणि म्हणाले, "लाइट कधी येते तुमच्याकडे?"

"सकाळी नवाला," अण्णांचा अंधारातून आवाज आला.

खुर्च्यांचीही एक गोष्ट आहे, आणि ती मी आल्यावरची पहिलीच असल्याने मला जरा जास्त आवडते. शिलाईच्या लोकांना तेव्हा लाकडी स्टूल होते. कुणीतरी पाठ दुखते म्हणालं. दुसऱ्या मालकाने मलम आणून दिलं असतं. अण्णा दुसऱ्या दिवशी स्वतः नऊला मशिनवर बसले ते सहालाच उठले, म्हणजे उठायचा प्रयत्न केला. दोघांनी धरून त्यांना सरळ केलं. त्यांनी शिवलेल्या सगळ्या चड्ड्या आम्हाला उसवाव्या लागल्या, पण चौथ्या दिवशी पाठीच्या खुर्च्या आल्या. एक वर्ष ते प्रत्येक पाहुण्याला त्या खुर्चीत बसवून बघायचे.

आता टोलाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

कटिंगच्या टेबलाशेजारी भिंतीवर रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा लटकवलेला होता आणि त्याच्या बाजूला एक लोखंडी दांडा. पूर्वी खेड्यातल्या शाळांतून असा टोल असायचा. एका शाळेत विजेची घंटी आली, तेव्हा गणवेश पोचवायला गेलेल्या अण्णांनी तो मागून आणला. नियम असा, की आपल्या हातून चूक झाली आणि ती आपल्याला कळली, की जाऊन एक टोल द्यायचा. सगळी मशिनं थांबायची. अण्णा जिथे असतील तिथून यायचे आणि तीन प्रश्न विचारायचे: काय झालं, किती झालं, आता कोण कोण लागणार. कुणी केलं हा प्रश्नच नव्हता, कारण ते माणूस दांडा हातात घेऊन समोर उभं असायचं. मग जे लागतील ते कामाला लागायचे आणि टोल देणाऱ्याला त्या दिवशी चहाचा पहिला कप मिळायचा.

हे सुचलं कसं, ते चाचांनी मला सांगितलं. चाचा बार्शीकडून लहानपणीच इथे आलेले, शिलाईतले सगळ्यात जुने. त्यांनी डाव्या हाताचं बोट दाखवलं, त्याचं नख वाकडं होतं. अण्णा तरुणपणी मोठे तापट होते म्हणे, आरडाओरडा ऐकून कडुलिंबावरचे कावळे उडायचे. त्या काळात एकदा चाचांच्या बोटातून सुई आरपार गेली. चाचांनी चिंधी गुंडाळली आणि शिवत राहिले. "हम डर गये थे ना," चाचा म्हणाले, "सफेद शर्ट पे दाग लगा. उंगली का कौन देखता था." अण्णांना तो डाग दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या टेबलावर दिसला. त्यांनी चाचांना दवाखान्यात नेलं, आणि त्याच आठवड्यात कपाटांची दारं काढली. टोल नंतर आला.

मला पहिला टोल द्यायला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत चुका झाल्या नाहीत असं नाही, पण बारीकसारीक मी गुपचूप निस्तरल्या. पोटमाळा नसला तरी माझ्या डोक्यात तो होताच. मग एका शाळेने नमुना म्हणून मोबाइलवर फोटो पाठवला. पाठवणाऱ्या गुरुजींनी नवा शर्ट घातलेल्या विद्यार्थ्यासोबत स्वतःचा सेल्फी काढला होता, त्यामुळे फोटोत उजवं डावं झालेलं. मी फोटो बघून एकशे वीस शर्टांना उजव्या बाजूला खिशाच्या खुणा करून दिल्या, आणि खिसे लागलेही. ते कळलं तेव्हा मी टोलाजवळ गेले आणि तिथल्या माठातलं पाणी प्यायला लागले. तीन तांबे प्यायले. शेवटी दांडा उचलला आणि इतका हळू मारला की शेजारच्या मशिनलाही कळलं नाही.

पण अण्णांना कळलं. ते लांबून ओरडले, "जोरात, अक्का! बार्शीला ऐकू गेलं पायजे!"

मी डोळे मिटून मारला. सगळं थांबलं. मी सांगितलं. कुणी हसलं नाही असं मी म्हणणार नाही. चाचांनी विचारलं, "और बटन? बटन नहीं देखे?" फोटोत बटणंही उलट्या बाजूला होती. सगळा कारखाना खदखदला, मीसुद्धा. पण हसून झाल्यावर बारा जण उसवायला बसले आणि दुपारपर्यंत खिसे आपापल्या जागी गेले. चहाचा पहिला कप इस्त्रीच्या मावशींनी माझ्यापुढे आणून ठेवला. त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं. सात वर्षं मी किती भिऊन काम केलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

पुढे मी कटिंगची मुख्य झाले. पण एक काम अण्णांनी कधी कुणाकडे दिलं नाही, ते म्हणजे रंग बघणं. गिरणीतून कापडाचे तागे आले की सकाळी अकराला, ऊन डोक्यावर यायच्या आधी, ते डोक्यावर टॉवेल टाकून अंगणात उभे राहायचे. दोन ताग्यांची टोकं उन्हात धरून बघायचे. "ट्यूबलाइट लई गोड बोलतीय," म्हणायचे, "ऊन खरं सांगतंय." आम्हाला एकच दिसणाऱ्या दोन निळ्यांत त्यांना तीन फरक दिसायचे. लहानपणी वडिलांनी त्यांना सूत रंगवायच्या हौदांशेजारी बसवलं होतं, तिथे ही नजर तयार झाली होती. पास झालेल्या ताग्यावर ते खडूने बरोबरची खूण करायचे. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात पंधरा मिनिटं उभं राहून आत आले की त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान असायचं, की त्यांच्यासाठी सगळा कारखाना म्हणजे त्या पंधरा मिनिटांची तयारी आहे असं वाटावं.

माझ्या सहाव्या वर्षी, दिवाळीनंतर त्यांची पंधरा मिनिटं अर्ध्या तासावर गेली. कापड ते नाकाजवळ नेऊन बघायला लागले. कधी मी शेजारून गेले तर सहज विचारल्यासारखं विचारायचे, "अक्का, हे दोन एकच की न्हाय?" मी हो म्हटलं की ते लगेच म्हणायचे, "ते दिसतंयच की." मला शंका आली होती. मी ती मनातच ठेवली.

मे महिन्यात सांगोल्याकडच्या एका निवासी शाळेचे चारशे आकाशी शर्ट होते. जूनच्या मध्याला शाळा सुरू होणार होती. कापड दोन लॉटमध्ये आलं. अण्णा उन्हात उभे राहिले, दोन्हींवर खडूची खूण केली आणि म्हणाले, "एकच हाय, घ्या." पहिल्या लॉटमधून मी शर्टांची पाठ आणि पुढा काढला, ते कापड संपलं, म्हणून बाह्या आणि कॉलरी दुसऱ्यातून कापल्या. चारशेच्या चारशे शिवून झाले. त्यातला एक मी बटणाचा दोरा बघायला म्हणून दारात, उन्हात घेऊन गेले आणि जागच्या जागी थिजले. शर्ट आकाशी होता आणि बाह्या हिरवट.

तिथे उभी असताना मला चारशे शर्टांची काळजी नंतर वाटली. आधी अण्णांची वाटली. हा माणूस कशावर उभा आहे ते मला माहीत होतं. हे सगळ्यांसमोर आलं तर पुन्हा ते अंगणात त्या दिमाखात उभे राहणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसलं, आणि ते मला सहन होईना. मी आत गेले आणि टोल दिला. चांगला बार्शीला ऐकू जाईल असा दिला.

अण्णा आले. मी घडाघडा बोलून टाकलं. दोन लॉट वेगळे ठेवा असं अण्णांनी सांगितलं होतं, घाईत मीच मिसळले, बाह्यांचा रंग वेगळा आलाय.

अण्णांनी तीन प्रश्न विचारले नाहीत. एकच विचारला. "मी म्हनलं हुतं येगळे ठेवा?"

"व्हय अण्णा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या हातातला शर्ट घेतला, डोक्यावर टॉवेल टाकला आणि अंगणात गेले. आम्ही सगळे खिडक्यांतून बघत होतो. त्यांनी शर्ट वर धरला, खाली धरला, बाही डोळ्यांजवळ नेली. मग दाराशी येऊन त्यांनी इस्त्रीच्या मावशींना बोलावलं.

"मावशी, ह्यात फरक हाय?"

"हाय की! लई हाय," मावशी म्हणाल्या. "बाही हिरवी मारतीय."

अण्णा आत आले ते सरळ माझ्यापुढे. सहा वर्षांत मी त्यांना चिडलेलं बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. आवाज मात्र चढला नव्हता. "खोटा टोल दिला तुमी, अक्का. चाचांनी माझ्या भ्यानं बोट लपवलं हुतं. तुमी माझ्या मायेनं लपवलं. लपवलंच की! आता फुडच्या टोलाला मी कापड बघू का तुमचं तोंड बघू?"

त्यांनी माझ्या हातातून दांडा घेतला आणि टोल दिला. रुळाचा तुकडा कितीतरी वेळ हलत राहिला.

आता प्रश्न कोण विचारणार? विचारणारेच दांडा घेऊन उभे होते. शेवटी मावशींनी पदर खोचला आणि त्याच पुढे झाल्या.

"काय झालं?"

"मला आकाशी न् हिरवट येगळं दिसंना," अण्णा म्हणाले. "ह्या अक्कांनी काय मिसळलं न्हाय. मीच पास केलं."

"किती झालं?"

"चारशे शर्ट. आन् सहा म्हैने." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दिवाळीपासून पोटमाळ्यावर ठिवलं हुतं."

त्याचा अर्थ बाकी कुणाला कळला नाही. मला कळला. मी तोंडाला ओढणी लावली.

"आता कोन कोन लागनार?" मावशींनी तिसरा विचारला.

"मला एक डाक्टर," अण्णा म्हणाले. "शर्टांना तुमी सगळे."

"बोलना था ना, अण्णा," चाचा मागून हळूच म्हणाले, आणि त्यांनी शर्टांचा पहिला गठ्ठा ओढून घेतला.

गिरणीत पहिल्या लॉटचे काही तागे शिल्लक होते, ते तिसऱ्या दिवशी आले. तोवर चारशे शर्टांच्या बाह्या आणि कॉलरी उसवायच्या होत्या. शिलाई, इस्त्री, ऑफिस, सगळे बसले. अण्णाही बसले. "उसवायला रंग लागत न्हाय," म्हणाले, आणि बोटांनी टाका चाचपत कुणाहीपेक्षा स्वच्छ उसवत राहिले. दोघा-तिघांनी विचारलं, रोज आठपर्यंत थांबू का. अण्णा सहाला उठले आणि खटका पाडला. शर्ट वेळेत गेले.

पण माझं काय? टोलाच्या त्या दिवशी मावशींनी नियमाप्रमाणे दोन पहिले कप भरले होते, एक अण्णांपुढे ठेवला आणि दुसरा माझ्याकडे घेऊन निघाल्या. अण्णा म्हणाले, "अक्कांचा टोल धरायचा न्हाय. त्या रांगेतनं घेतील." मी रांगेतून घेतला. कुणी मला काही बोललं नाही, अण्णाही नंतर नेहमीसारखेच वागत होते, आणि तेच मला जास्त लागत होतं. आधीच्या जागी मालकाने शिव्या घातल्या तरी मी रात्री ढाराढूर झोपायचे. इथे एका चहाच्या कपावरून मला झोप लागेना. या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, तर मला ही नोकरी असून नसल्यासारखी होती.

दवाखान्यात त्यांच्यासोबत चाचा गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, आधी एक डोळा झाला, मग दुसरा. जुलैत ते काळा चष्मा लावून परत आले, दारात तो काढला आणि पहिला अर्धा तास कुणाला कामच करता आलं नाही. भिंती इतक्या मळक्या कधी झाल्या म्हणून त्यांनी विचारलं. कडुलिंब एवढा हिरवा आहे हे आम्ही त्यांना का सांगितलं नाही म्हणून विचारलं. मावशींकडे बघून म्हणाले, "ही साडी निळी हाय व्हय? मी आपली हिरवी समजून चाललो हुतो." मावशी म्हणाल्या, साडी नेसलीय एवढं दिसत होतं तेच पुष्कळ झालं.

त्याच दिवशी गिरणीतून चार तागे आले. अण्णा नसताना रंग मीच बघत होते, म्हणून अकराला सवयीने टॉवेल घेऊन निघाले, आणि दारातच थांबले. आता अण्णांचे डोळे नवेकोरे होते. माझं काम संपलं होतं. मी टॉवेल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि मानेनेच मला अंगणात जायला सांगितलं.

मी ऊन बघून उभी राहिले. चारही टोकं एकत्र धरली, उलटी केली, पुन्हा धरली. अण्णा दारात उभे होते. त्यांना तिथून सगळं दिसत होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं.

"काय म्हनत्यात तागे?" त्यांनी विचारलं.

"तीन एकच हायत," मी म्हटलं. "चौथा जरा पिवळा मारतोय."

त्यांनी कापडाकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाकडेही बघितलं नाही. "मग चौथा परत पाठवा की," म्हणाले, आणि शेंगा सोलायला आत निघून गेले.